हात धरू नका

ये माय, जवळ ये. हात पुरन इतकी जवळ. तू तिकडं शहरात अन् मी इकडं उंद्रीत, तरी ये. हे वाचतानी असं समज का मी समोर पाटावर बसली आहे अन् तुही वेणी माह्या हातात आहे. पहिले तुले रागावून घेते, बोलणं मंग. दिवाळीपासून तोंड दाखवलं नाही तू. फोन करतं तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. मी अर्धी गोष्ट सांगून राह्यली का तुही तिसरी शिट्टी होते अन् "आजी ठेवते" म्हणतं. माह्या बहिणीची नात म्हंजे माहीच नात, तिच्या मागं तुहे कान मीच पिळायचे.

म्हणून आता लिहून राह्यली. कागद काही शिट्टी मारत नाही. माही शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकली, अन् लिहिणं मेसच्या फळ्यावर "आज वांगे, उद्या बेसन" लिहून लिहून. तं अक्षर पाहून हसू नको.

रविवारी तू शिकवतं त्या कॉलेजातली एक गोष्ट बोलली. "आजी, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, नुसती ढोंगी. दिसायला धडधाकट, अन् दर प्रॅक्टिकलला हिचं काहीतरी दुखतं. कधी येते, कधी येत नाही. यंदा तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर सहीच करत नाही, बसू दे घरी." मी हाव म्हटलं अन् फोन ठेवला. मंग दोन दिवस भाकर गोड लागली नाही. कारण ढोंगी हा शब्द माह्या तोंडचा आहे. मी तो माह्या पोटच्या पोरीले वापरला, ती लहान होती तवापासून ती कॉलेजात गेली तरी. अन् नुसता शब्द नाही.

ती पोरगी म्हंजे तुही धाकटी मावशी. तुले माहीत आहे ती ग्रंथालयातली. शांत, चष्मा लावणारी, पुस्तकाले कव्हर घालून देणारी. तिच्या भुवईवर जो कापल्याचा व्रण आहे तो तू लहानपणी बोटानं चाचपायची. "मावशी, हे काय झालं?" ती म्हणायची, पडली. पडली नव्हती. गुरुजीनं फेकून मारलेलं डस्टर होतं ते, लाकडाच्या पाठीचं. चौथीत होती. गुरुजीनं फळ्यापाशी बोलावलं, गणित सांगितलं, अन् ही खडू हातात धरून भिंतीकडं पाहत राह्यली. गुरुजी दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा डस्टर आलं. रक्तानं भरलेली फ्रॉक घालून घरी आली तं मी काय केलं असन? तिले घेऊन शाळेत गेली अन् गुरुजीले म्हटलं, "बरं केलं गुरुजी. आमच्या घरीही असंच करते. अजून एक द्या."

घरी असंच करायची, हे खरं होतं. दूध गॅसवर ठेवून उभी राहायची अन् दूध उतू जायचं तिच्या डोळ्यांसमोर. बोलता बोलता मधातच थांबायची, अर्धं वाक्य तोंडात. डावा हात ओढणीचा काठ खुडत राहायचा, भाजी निवडावी तसा. ओठ हलायचे, जसं काही चावून राह्यली. मी म्हणायची, "ध्यान कुठी आहे तुहं?" अन् उलथनं पाठीवर. मिनिट-दोन मिनिटानं ती पाहायची माह्याकडं, जशी झोपेतून उठली. "काऊन मारलं आई?" हे ऐकलं का मले अजून राग यायचा. इतका वेळ आवाज देऊन राह्यली अन् वरून इचारते काऊन! मंग दुसरा रपाटा त्या प्रश्नासाठी.

आता तू म्हणशीन, आजीले समजलं कसं नाही? तं ऐक. मले मिरगी समजत होती. लय समजत होती, तोच तं घोळ झाला. आमच्या स्टँडवर आठवडी बाजाराच्या दिवशी कोणाले मिरगी आली का लोक मलेच हाका मारायचे. माणूस धाडकन पडते, फेस येते, हातपाय झाडते. मी गर्दी बाजूला सारायची अन् पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाले लावायची. तो शांत झाला का लोक म्हणायचे, बाईच्या हाताले गुण आहे. आता डॉक्टरनं सांगितलं का चपलेनं काही होत नाही, झटका आपला आपण थांबते, त्याले फक्त कुशीवर करायचं अन् तोंडात काही घालायचं नाही. पण तवा मी मिरगीची जाणकार होती गावात. अन् मिरगी म्हंजे पडणं. माही पोरगी तं कधी पडली नाही. उभीच असायची. जो पडत नाही त्याले मिरगी कशी? तो ढोंगी.

असं करत करत पोरगी बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. तालुक्याच्या एका कॉलेजात सायन्सले गेली. त्याच कॉलेजच्या पोरींच्या होस्टेलात मी मेसचा सैपाक करायची. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी उंद्रीहून निघायचो, ती वर्गात जायची, मी चुलाण्यापाशी. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आता तिथं कोणी जुनं उरलंही नाही.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती, केमिस्ट्रीचा पेपर. मी चाळीस पोरींची कणीक मळून राह्यली होती. कॉलेजचा शिपाई पळत आला. "बाई, चला. तुमच्या पोरीनं सरले फोडलं."

मी समजली का कोण्या दुसऱ्या पोरीचं सांगून राह्यला. माही पोरगी मुंगीवर पाय पडला तं बाजूला सरकते. "माह्या पोरीनं?" म्हटलं. तो म्हणे, "मंग काय माह्या पोरीनं? चावली वो बाई त्याले, चावली!"

काय झालं होतं ते मले मागून तुकड्या तुकड्यानं कळलं. तू एका दमात ऐक. पेपर लिहिता लिहिता तिचा पेन थांबला. डावा हात ओढणीचा काठ खुडू लागला, तोंड हलू लागलं. जे सुपरवायझर होते ते नवीन पोरगेलेसे सर होते, कॉपी पकडण्यात मोठं नाव त्यांचं. त्याहीले वाटलं, ओढणीत चिठ्ठी आहे. जवळ येऊन म्हणाले, "काय आहे ते दाखव." ही दाखवन कशी? ही तिथं होतीच कुठी? त्यांनी मनगट धरलं. अन् तिनं हात असा झटकला का कोपर थेट त्यांच्या नाकावर. रक्त आलं. बाकडं उलटलं. दुसरे एक सर धावले, शिपाई धावला. तिघांनी मिळून तिले फरशीवर पालथं पाडलं, शिपायानं पाठीत गुडघा देला. ओढणी ओढून घेतली, झाडली, पिळून पाह्यली. त्यात काय निघालं? एक सेफ्टी पिन अन् एसटीचा पास.

चिठ्ठी निघाली नाही तं सरच्या ध्यानात आलं का हिचं तोंड हलून राह्यलं होतं. "गिळली! तोंड उघड!" दोन बोटं घातली तोंडात, जबडा फाकवायले. अन् तिचे दात बसले. बोटाचं मांस आलं बाहेर.

मी गेली तवा ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभी होती. केस सुटलेले, ओढणी नाही, ओठ फाटलेला, दातांवर रक्त. आपलं का त्या सरचं कोण जाणे. सर खुर्चीत बसलेले, बोटाले रुमाल, नाकाले कापूस. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. पण तुमच्या मुलीनं कॉपी केली, कागद गिळला आणि ड्यूटीवरच्या माणसावर हल्ला केला. विचारा तिला."

मी इचारलं. "बोल, काय केलं तू?"

ती माह्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं पाहत होती.

"बोल वं. साहेब इचारून राह्यले."

काही नाही. डोळे उघडे अन् आत कोणी नाही. तेच डोळे, दुधापाशीचे. खिडकीत पोट्टे जमलेले, माह्या मेसमधल्या पोरी जमलेल्या, ज्याहीले मी रोज वाढायची. माह्या हाताले कणीक लागलेली होती. मी वाकली अन् पायातली चप्पल काढली.

पहिली तोंडावर बसली. मंग डोक्यावर, मंग जिथं बसन तिथं. ती खाली बसली, मी बसल्या जागी मारलं. "ढोंगी! माह्या तोंडाले काळं फासलं! बोल! बोल!" कणकेचे गोळे तिच्या केसात उडून राह्यले होते. तिनं हात वर केला नाही. तिघांशी भांडली ती, पण माह्यासमोर डोक्याआडही हात घेतला नाही. अन् त्या केबिनमध्ये इतके शिकलेले लोक होते, कोणी म्हटलं नाही का बाई थांब. शेवटी कोण म्हणालं माहीत आहे? ते चावलेले सर. उठून उभे राह्यले अन् म्हणाले, "पुरे बाई. पुरे."

तीच चप्पल, माय. जी मी दुसऱ्याच्या लेकराले हुंगवत होती, बरं वाटावं म्हणून.

कॉलेजातून नोटिशीचा कागद निघाला. पंधरा दिवसांनी विद्यापीठात समिती बसन, मायबाप अन् पोरीनं हजर राहायचं, तिथं ठरन. प्राचार्य म्हणाले, दोन वर्षं परीक्षेले बसू देत नाहीत अशा केसमध्ये. घरी तुह्या आजोबानं, म्हंजे माह्या मालकानं, ते ऐकलं अन् ताटावरून उठले. ते कधी हात उचलत नव्हते, आवाजही नाही. नुसतं म्हणाले, "दोन वर्षं घरी बसवून काय करायचं? पिंपळगाव राजा गावचे पाहुणे इचारूनच राह्यले होते. उन्हाळ्यात उरकून टाकू." म्हंजे समजलं ना? समितीनं नाही म्हटलं का पोरीची शाळा तिथंच संपली. पुस्तकं माळ्यावर अन् हळद अंगाले. तिनं ते दाराआडून ऐकलं. रडली नाही. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसली, सुजलेल्या डोळ्यानं.

स्टँडवर पोट्टे टोमणे मारायचे. "पाहून बस बे तिच्या बाजूले, चावते." कंडक्टरनं एक दिवस तिकीट देतानी हात लांबूनच पुढं केला अन् पूर्ण गाडी हसली. मीही खाली पाहून हसली थोडी. लोकांत राहायचं होतं ना.

चौथ्या दिवशी माही नणंद आली मेहकरकडून. तिनं पोरीले खालून वर पाह्यलं अन् म्हणाली, "वहिनी, हे कॉपीचं काम नाही. हे आत शिरलेलं बोलून नाही राह्यलं. मुकं आहे." तव्यावर निखारे घेतले, वर मूठभर सुक्या मिरच्या. पोरीची मान धरून धुरावर वाकवली. पोरगी खोकली, ओकली, नाकातोंडातून पाणी, "आत्या सोड, आत्या मरीन मी." नणंद म्हणे, "हे ते बोलून राह्यलं, तू पाय धर वहिनी." अन् मी पाय धरले. दोन्ही घोटे, असे घट्ट. सकाळी तिच्या घोट्यावर माह्या बोटांचे वळ होते.

हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. तुह्या आजीलेही नाही, अन् ती माही सख्खी बहीण. तुले सांगून राह्यली.

नणंद गेली त्याच्या दोन दिवसांनी, संध्याकाळी, पोरगी भाकरी करून राह्यली होती. मी दारात सुपात तूर घेऊन बसली होती. भाकर थापण्याचा आवाज येत होता, थप थप थप, मंग थांबला. मी तोंड उघडलंच होतं, ध्यान कुठी आहे म्हणायले. तितक्यात वास आला. भाकरीचा नाही. मी पाह्यलं तं तिचा उजवा हात तव्यावर. भाकर बाजूला, अन् पाचही बोटं तापल्या तव्यावर पसरलेली, जसा भिंतीवर हाताचा छापा उमटवावा. डावा हात ओढणी खुडून राह्यला. तोंड चावल्यासारखं हलून राह्यलं. डोळे कॅलेंडरवर.

अन् ती ओरडत नव्हती.

माय, मी पन्नास वर्षांत लय ढोंगं पाह्यली. सासूपासून सुटायले पोट दुखणाऱ्या पाह्यल्या, मजुरीच्या दिवशी लंगडणारे पाह्यले. तापल्या तव्यावर हात ठेवून गप्प राहायचं ढोंग आजवर कोण्या मायच्या लेकरानं केलं नाही. मी सूप फेकलं, तिले ओढली. तळहाताची साल तव्यालेच राह्यली. तरी ती भिंतीकडंच पाहून राह्यली. मी तिले कुशीत घेऊन खाली बसली, तिचा हात पाण्याच्या पितळी गुंडात घातला, अन् वाट पाह्यली. पहिल्यांदा वाट पाह्यली. मारलं नाही, हलवलं नाही. मिनिटभरानं तिनं पापणी हलवली. माह्याकडं पाह्यलं, मंग हाताकडं. अन् मंग जी ओरडली, ती किंकाळी गल्लीच्या त्या टोकाले गेली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याले मेंदूच्या डॉक्टरकडं नेली. तुहे आजोबाही आले. डॉक्टर म्हणाले, "झटका येतो हिला." मी म्हटलं, "पण पडत नाही वो साहेब. मी मिरगी लय पाह्यली." ते म्हणाले, "आई, सगळे पडत नाहीत. काही झटक्यांत माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, हात चाळा करतात, तोंड हलतं. पण त्याला काही ऐकू येत नाही, समजत नाही. अशा वेळी कोणी घट्ट धरलं तर तो झटापट करतो. कोणी धरलंय हे त्याला माहीत नसतं, आणि मोठ्या झटक्यानंतर बराच वेळ पूर्ण भान येत नाही." मंग त्याहीनं पेन उघडला. "कधीपासून होतं? आठवा. किती वेळा, कसं?"

तिले कसं आठवन? जे झालं तवा ती नव्हतीच. आठवत मले होतं. कारण दर वेळी मी तिले मारलं होतं.

मी सांगत गेली. चौथीत, फळ्यापाशी, डस्टर. पोळ्याच्या दिवशी, पुरण करपलं, पळीनं मारलं. सोयाबीन काढायच्या वक्ती, वावरात उभीच राह्यली, पेंढीच्या दोरीनं मारलं. तिच्या काकाच्या लग्नात पाहुण्यांसमोर चहा सांडला, तवा घरी आणून कोंडलं. अक्षय तृतीयेले. तुरीच्या खळ्यावर. डॉक्टर लिहीत गेले, पान भरलं, उलटलं. मधात एकदा पेन थांबवून त्याहीनं माह्याकडं पाह्यलं, पुन्हा लिहू लागले. ते लिहीत होते आजार. मी ऐकून राह्यली होती माहा मार. तुहे आजोबा उठून बाहेर गेले. मी खिडकीतून पाह्यलं, दवाखान्याच्या भिंतीवर कपाळ टेकून उभे होते.

समितीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. पोरीच्या उजव्या हाताले पट्टी, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. टेबलापाशी चार जण होते. डॉक्टरचा कागद एकानं वाचला, दुसऱ्याकडं सरकवला. एक मॅडम होत्या, सोनेरी चष्म्याच्या. म्हणाल्या, "पण ही तर अगदी नॉर्मल दिसते." दुसरे म्हणाले, "पकडलं की प्रत्येक जण दाखला आणतो, मॅडम." पोरीले इचारलं, काय झालं त्या दिवशी. पोरगी नीट उभी राह्यली, नीट बोलली. "मला आठवत नाही सर. मी तिसरा प्रश्न लिहीत होते, त्यानंतर मी केबिनमध्ये होते." मॅडम हसल्या. "सोयीचं आहे हं हे विसरणं."

तुले खरं सांगते, मी तवा देवाले काय मागितलं. मी म्हटलं, देवा, आता येऊ दे. आता ह्यांच्यासमोर एक झटका येऊ दे माह्या पोरीले, ह्यांच्या टेबलावर डोकं आपटू दे, रक्त निघू दे, म्हंजे ह्यांना दिसन. आईनं मागितलं हे. नाही आला. उलट त्या दिवशी ती इतकी तरतरीत होती का मलेच शंका यावी.

मंग मी उठली. बसा म्हणाले, बसली नाही. पायातली चप्पल काढली तं शिपाई पुढं आला, त्याले वाटलं मी फेकते. मी ती टेबलावर ठेवली, त्याहीच्या कागदांवर. "साहेब, ह्या चपलेनं मी हिले मारलं, तुमच्या लोकांसमोर. तुम्ही म्हणता दिसत नाही. मलेही नाही दिसलं, मी तं जन्म देला. तिच्या अंगावर पाहा, तिथं दिसते. हे भुवईवर गुरुजीचं. हे पाठीवर माहं. हे ओठावर तुमचं. अन् हा हात." मी पट्टी सोडू लागली. मॅडम म्हणाल्या, "नको, नको." मी म्हटलं, "काऊन नको? तुम्हाले पाहायचं होतं ना?" अन् सोडली. सालीखालचा लाल हात त्यांच्यासमोर धरला. पोरगी दातात ओठ दाबून उभी होती. तिले किती दुखलं असन, ते मी पुन्हा एकदा पाह्यलं नाही. हेही लिहून ठेवते.

 मंग जे मधात बसले होते, त्याहीनं त्या सुपरवायझर सरले इचारलं. सर कोपऱ्यात बसले होते, बोटाले अजून पट्टी. "ती तुम्हाला चावली तेव्हा तुमच्याकडे पाहत होती का?"

सरनं पट्टीच्या बोटाकडं पाह्यलं. त्याहीले एक शब्द बोलायचा होता, हो, अन् त्यांची इज्जत राह्यली असती. ते म्हणाले, "नाही सर. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी तिचं तोंड उघडत होतो तेव्हाही ती भिंतीकडे पाहत होती. मला ते रोज आठवतं."

बंदी आली नाही. तो पेपर पुन्हा देऊ द्यायचा ठरला. पण सरवर हात उचलल्याबद्दल माफीनामा मागितला, लेखी, तिथल्या तिथं. उजवा हात असा, तं पोरीनं डाव्या हातानं लिहिला, दुसरीतल्या लेकरासारख्या अक्षरात, जे तिले आठवत नव्हतं त्याची माफी. सरनं कागद घडी करून खिशात ठेवला. तिची माफी कोणी मागितली नाही. ना समितीनं, ना सरनं, ना गुरुजीनं.

मी मागितली. परतीच्या एसटीत. ती खिडकीपाशी होती, हात मांडीवर उताणा ठेवून. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी केबिनमध्ये मी तुले चपलेनं मारलं." ती म्हणाली, "लोकं सांगतात. मले नाही आठवत, आई." "अन् मिरचीच्या धुराचं?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तेही नाही आठवत."

धुराच्या वेळी तिले झटका नव्हता. "आत्या सोड" म्हणत होती ती. माह्याकडं पाहून म्हणत होती. तरी म्हणते नाही आठवत. मी पुन्हा कधी इचारलं नाही.

पिंपळगावचे पाहुणे आले नाहीत. तुह्या आजोबानं स्वतः जाऊन नाही सांगितलं. पोरगी गोळ्या घेऊ लागली, डिग्री झाली, पुढं ग्रंथालयाचं शिकली, आता नोकरीले आहे. झटके कमी झाले, गेले नाहीत. महिन्या-दोन महिन्यात एखादा येते. तिच्या काउंटरवर तिनं एक कागद चिकटवला आहे, तिच्याच हातचा. "मी बोलता बोलता गप्प झाले तर दोन मिनिटं थांबा. हात धरू नका. मी परत येते." पहिले पोट्टे हसायचे. एकानं खाली लिहिलं होतं, "चावते." तिनं ते खोडलं नाही. आता थांबतात, मोबाईल पाहत उभे राहतात, मंग पुस्तक घेऊन जातात.

अन् मी मेसमध्ये होती तोवर दर वर्षी नवीन पोरी आल्या का पहिल्या दिवशी वाढायच्या आधी पळी हातात घेऊन सांगायची, "ज्याहीले काही होते अन् दिसत नाही, त्याहीनं मले येऊन सांगा. मी मारत नाही आता." हसायच्या. पण रात्रीची भांडी घासतानी एकेक यायची. एक संडासात दार लावून पोटात सुई टोचून घ्यायची साखरेच्या आजाराची, कोणी पाहू नये म्हणून. एकीले एका कानानं ऐकूच येत नव्हतं, तिले वर्गात उर्मट म्हणायचे. एकीचे सांधे सकाळी इतके धरायचे का वेणी घालता येत नव्हती, ती रोज पहिल्या तासाले उशिरा, अन् रोज बाहेर उभी. साऱ्या धडधाकट दिसायच्या, माय. साऱ्या ढोंगी होत्या कोणाच्या ना कोणाच्या वहीत.

म्हणून तुह्या त्या पोरीची गोष्ट ऐकली अन् माह्या हाताले कणीक लागल्यासारखं झालं. मी नाही म्हणत तिले काही आहेच म्हणून. नसनही. पण तू इचारलं का? दार लावून, आवाज खाली करून, एकटीले? का खिडकीत पोट्टे जमलेले असतानी, "बोल, बोल" म्हणून इचारलं? फॉर्म परत द्यायले अजून आठ-दहा दिवस आहेत म्हणाली तू. सही तुह्या हातात आहे. चप्पल उचलायले एक सेकंद लागते.

तं असं कर. ह्या शनिवारी ये. रविवारी परत जाजो, अडवत नाही. तुही मावशी घरीच आहे, वांग्याचं भरीत करते अन् आता भाकरी मी करते, तव्यापाशी तिले बसू देत नाही. अन् त्या पोरीले संग आण. उंद्रीचं तिकीट काही महाग नाही. तिले सांग, आमची एक आजी आहे, ती काही इचारत नाही, नुसती जेवू घालते. मी स्टँडवर येते घ्यायले. ये माय, लवकर ये.